ट्रॅक्टरच्या मागे बसलेली माणसे

परदेशी नियतकालिके चाळून त्यांतील आपल्या वाचकांस उपयोगी पडेल तेवढे मराठीत आणणे, हे आमच्या कामाचेच एक अंग आहे. अशा वाचनात मध्यंतरी एका वाहनासंबंधीचा मजकूर हाती आला. मोटारसायकलीसारखा दांडा, चार जाड फुगीर चाके, आणि वाळू, चिखल, दगडधोंडे यांपैकी कशाचीच तमा नाही, असे हे वाहन. वाटेल त्या जमिनीवरून जाण्याची ग्वाही त्याच्या नावातच दिलेली आहे. त्या नावाला प्रतिशब्द शोधताना 'सर्वभूगामी' हा शब्द सुचला. परंतु तो एखाद्या स्तोत्रातील देवाच्या विशेषणासारखा वाटल्यामुळे सोडून द्यावा लागला. मजकुरात सांगावयाच्या गोष्टी दोनच होत्या. हे वाहन उलटते कसे, आणि उलटल्यावर न्यायाची दाद कोणाकडे मागावयाची.

अशा वाहनाचा तीन चाकी अवतार होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत विक्रीस आणला. खेळणे समजून लोकांनी ते मुलांच्याही हाती दिले. अपघात इतके वाढले, की १९८८ साली तेथील सरकार व उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन तीन चाकी वाहनांची विक्री बंद झाली. आपल्याकडे हे वाहन कोकणातील काही किनाऱ्यांवर किंवा थंड हवेच्या ठिकाणी पैसे देऊन घटकाभर फिरविण्यापुरतेच भेटते. तेवढ्यासाठी या पृष्ठांवर जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु विचार करताना लक्षात आले, की खरोखरीच कोणत्याही जमिनीवरून जाणारे वाहन आपल्या खेड्याखेड्यांत आहे. त्याला आपण ट्रॅक्टर म्हणतो, आणि दसऱ्याला त्याची पूजा करतो.

हा ट्रॅक्टर जमीन, पाणी आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी एकाच दिवसात कसा वावरतो हे पाहावयाचे असेल, तर तंजावरकडे जावे. मराठी वाचकास हे नाव परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची सत्ता तेथे नांदली. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल आजही आहेत, आणि शहराच्या जुन्या भागात मराठी बोलणारी घरेही आहेत. आपल्याला येथे पाहावयाची आहे ती मात्र शहराबाहेरची, भाताची खेडी. कल्लणै येथील प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी निरनिराळ्या शाखांत वाटले जाते, आणि मग त्या शाखांना फाटे, फाट्यांना पाट, असे करीत ते समुद्रापर्यंत पसरते. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याचा प्रघात १२ जूनचा. पाणी येण्याच्या सुमारास कुरुवै हंगाम सुरू होतो. पुढे सांबा आणि ताळडी. पाणी शेतात आले, की थोड्या आठवड्यांत सगळ्या खाचरांची चिखलणी उरकावी लागते. पूर्वी हे काम बैल आणि रेडे करीत. आता मागच्या चाकांच्या जागी किंवा त्यांच्या जोडीला लोखंडी पिंजऱ्यासारखी केजव्हीले लावलेला ट्रॅक्टर चिखलात उतरतो. लहान तुकड्यांत हाताने धरून चालविण्याचा पॉवर टिलर फिरतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत सांब्याची कापणी आली, की पट्ट्यांवर चालणारी कापणी-मळणी यंत्रे खाचरांतून हिंडू लागतात.

या प्रदेशात सपाटी आहे, पण रुंदी नाही. दोन खाचरांमध्ये बांध, ज्याला तामिळमध्ये वरप्पु म्हणतात; बांधापलीकडे पाट; पाटालगत कालव्याच्या काठाने गेलेला अरुंद रस्ता. चढउतार नसल्यामुळे येथे वाहन उलटावयाचे नाही, असे नवख्यास वाटते. परंतु ट्रॅक्टर उलटण्यास डोंगर लागत नाही. हातभर उंचीचा पाण्याने भुसभुशीत झालेला बांध पुरतो.

ट्रॅक्टर उलटण्याचे दोन प्रकार आहेत. बाजूला कलंडणे सर्वांस ठाऊक असते. मागच्या बाजूस उलटणे हा अधिक घातक प्रकार, आणि तो कसा घडतो हे पुष्कळ अनुभवी चालकांसही नीट ठाऊक नसते. ट्रॅक्टरचे बळ मागच्या आसातून चाकांना मिळते. चाके चिखलात पक्की रुतली आणि फिरावयास तयार नसली, तर इंजिनाची ती शक्ती वाया जात नाही. ती ट्रॅक्टरच्या धडालाच त्या आसाभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलली जातात, आणि उधळलेल्या घोड्याप्रमाणे यंत्र मागच्या पायांवर उभे राहते. पुढची चाके उचलल्यापासून परत फिरण्याची संधी संपेपर्यंत सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. 'क्लच दाबता आला असता', असे नंतर म्हणणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा. माणसाला काय होते आहे ते कळेपर्यंतच तेवढा काळ निघून गेलेला असतो.

म्हणूनच रुतलेला ट्रॅक्टर काढण्याची जी युक्ती खेडोपाडी सर्रास वापरली जाते, मागच्या चाकापुढे लाकडाचा ओंडका साखळीने बांधावयाचा आणि जोर द्यावयाचा, तिच्याइतकी घातक युक्ती दुसरी नाही. ओंडक्यामुळे चाक अडते, आणि धड फिरते. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा. तसे न जमल्यास दुसऱ्या वाहनाने ओढून काढावा. ओढावयाची साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच अडकवावी, आसाला किंवा त्याहून वर कधीही नाही. कारण ओढ जितकी उंचावरून, तितके पुढचे तोंड उचलण्यास सोपे. पाटाच्या काठाने जाताना पाट जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून राखावे.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यावरून जाणारी मजबूत पोलादी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी त्या चौकटीच्या आत माणसाला जागा उरते. चौकट आणि पट्टा ही जोडी आहे; चौकट नसताना पट्टा बांधणे उलट धोक्याचे. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांवर अशी चौकट दिसत नाही. उन्हापासून सावली देणारे पत्र्याचे छप्पर दिसते, आणि ती चौकटच आहे असा समजही दिसतो. ते छप्पर ट्रॅक्टरच्या भाराखाली टिकण्यासाठी केलेले नसते.

आणखी एक बाब चालकाच्या पायाखालचीच आहे. शेतात चटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पायट्या एका खिट्टीने जोडून घ्यावयाच्या असतात. तसे न करता भर वेगात एकच पायटी दाबली गेली, की एक चाक थांबते, दुसरे धावते, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून कलंडतो. शेतातून घाईने घरी निघालेल्या चालकाकडून ही खिट्टी हमखास विसरली जाते. केजव्हीलेही शेताच्या कडेलाच काढावयास हवीत. डांबरावर ती घसरतात, रस्ता उखडतात, आणि त्यांस तशी परवानगीही नाही.

रोटाव्हेटर किंवा पंप फिरविणारा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावरचे आवरण काढून ठेवलेले असेल, तर वेष्टीचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडल्यावर सोडविण्यास वेळच मिळत नाही. याविषयी याहून अधिक लिहवत नाही.

आता शीर्षकातील माणसांकडे येऊ. ट्रॅक्टरला एकच आसन असते, ते चालकाचे. परंतु खेड्यात एकटा जाणारा ट्रॅक्टर क्वचितच दिसतो. मडगार्डवर मालकाचा मुलगा, जोडदांड्यावर पाय रोवून एक गडी, आणि मागच्या ट्रॉलीत लावणीला निघालेल्या दहापंधरा बायका, हे चित्र तंजावरचे आहे तसेच मराठवाड्याचेही आहे. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. रात्री तिच्या मागे दिवा नसतो, आणि लाल चकत्याही पुष्कळदा चिखलाने झाकलेल्या असतात. बसणाऱ्यांना धरावयास काही नसते. तरीही लोक बसतात, कारण सकाळी सहाला शेतावर पोचण्यास दुसरे साधन नसते. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पायी चालत गेल्यास अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, हे ज्याने सोसले आहे त्याला ते म्हणवणार नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात स्त्रिया बुडून मेल्या. तिघांना वाचविता आले. त्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या एका गावच्या होत्या. त्यापूर्वी १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून पंचवीसांहून अधिक माणसे दगावली. अशा मोठ्या घटनांनंतर सरकारे मदत जाहीर करतात. ती योग्यच आहे. पण ती अनुकंपा होय. नुकसानभरपाई हा हक्क आहे, तो वेगळा, आणि तो मागावा लागतो. एकेकटा मजूर ट्रॉलीतून पडून मरतो त्याची बातमी होत नाही, आणि त्याच्या घरी मदतही येत नाही. तेथे तर केवळ हक्कच उरतो.

मालकाची पॉलिसी आणि मजुराची जागा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्षाकरिता विमा सक्तीचा आहे. यालाच लोक थर्ड पार्टी म्हणतात. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच. त्याने रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वारास उडविले, तर तो सायकलस्वार तृतीय पक्ष ठरतो, आणि विमा कंपनीस भरपाई द्यावी लागते. येथवर फारसा प्रश्न नाही.

प्रश्न ट्रॉलीत बसलेल्या मजुराचा आहे. मालवाहू वाहनात फुकट बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. कायद्याने अपवाद केला आहे तो मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाचा किंवा त्याच्या प्रतिनिधीचा. शेतीसाठी म्हणून विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरवर बसून जाणारा मजूर या दोहोंतही बसत नाही. पॉलिसी हातात आहे, हप्ता भरलेला आहे, आणि तरीही मृताच्या घरी पैसा येत नाही, असे का होते याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते, की माणूस कोठे बसला होता.

२००७ साली असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मातीच्या कामावरचा एक मजूर ट्रॅक्टरवरून जाताना जखमी झाला होता. कायद्याने विमा कंपनी बांधील नाही, असेच न्यायालयाने म्हटले. मात्र मजुराची गरिबी पाहून आपल्या विशेष अधिकारात न्यायालयाने आदेश दिला, की कंपनीने त्याला रक्कम आधी द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. 'आधी द्या, मग वसूल करा' या नावाने वकिलांच्या तोंडी असलेला हा मार्ग २०१८ सालीही ट्रॅक्टरवर बसलेल्या एका जखमी माणसाच्या बाबतीत वापरला गेला. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासही जागा नाही, हे न्यायालयाने तेव्हाही स्पष्ट केलेच. हा मार्ग मिळेलच असे नाही. पण तो मागता येतो, आणि मजुराच्या वकिलाने तो अर्जातच मागावा.

गावातल्या लहान मालकांनी या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पुन्हा एकदा वाचावा. 'मग वसूल करा' म्हणजे मालकाकडून. विमा कंपनी सुटली, तर भरपाईची जबाबदारी मालकाच्या शेतावर, ट्रॅक्टरवर आणि घरावर येते. ज्याने शेजारधर्म म्हणून चार बायकांना ट्रॉलीत घेतले, त्याच्यावरही ती येते. म्हणून विमा उतरविताना सक्तीच्या हप्त्यावरच थांबू नये. थोडा जादा हप्ता भरून वाहनावर काम करणाऱ्या नोकरमाणसांची जबाबदारी पॉलिसीत घालून घेता येते. ट्रॉलीची नोंदणी व विमा यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. मालक स्वतः चालवीत असेल आणि ट्रॅक्टर उलटून तोच मेला, तर स्वतःच्या पॉलिसीत तो तृतीय पक्ष नसतो. त्याच्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि त्याची मर्यादा १५ लाख रुपये आहे. परवाना चालू नसेल तर तोही मिळत नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास ट्रॅक्टर चालविता येतो, आणि मागे ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निरुपयोगी ठरत नाही, हे २००१ सालीच न्यायालयाने सांगितले आहे. मुलाच्या हाती मात्र ट्रॅक्टर देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पगारी चालकाची गोष्ट निराळी. कामावर असताना तो मेला किंवा अपंग झाला, तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा मार्ग त्यास खुला होता. ट्रॅक्टर आणि यांत्रिक साधनांनी शेती करणाऱ्या कामगारांचा त्याच्या परिशिष्टात समावेश होता, आणि आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावल्या आहेत. या मार्गात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मात्र मोटार कायदा आणि हा कायदा, दोहोंपैकी एकच निवडावा लागतो. कोणता निवडावा हे घाईने ठरवू नये. वकिलाकडून दोन्ही बाजूंचे आकडे काढून घ्यावेत.

अपघात रस्त्यावर न घडता खाचरात घडला, तर तेथे आणखी एक फाटा फुटतो. सक्तीचा विमा 'सार्वजनिक जागेतील' वापरापुरता आहे, असे कंपनी म्हणते. न्यायालये या शब्दांचा अर्थ बहुधा उदारपणे लावतात, परंतु हा वाद होतो. म्हणून जागेचा पंचनामा नीट व्हावयास हवा. तो पाटाचा रस्ता सर्व गाव वापरतो काय, तेथून कोण जाते-येते, हे त्यात आले पाहिजे.

रक्कम ठरते कशी

पुष्कळ कुटुंबे तडजोडीला राजी होतात, कारण आपला हक्क किती रकमेचा आहे याची त्यांस कल्पना नसते. मालक गावातलाच असतो, उद्याही त्याच्याच शेतावर जावयाचे असते, आणि तेराव्याच्या आत कोणी पन्नास हजारांची नोट-थप्पी पुढे करतो. अशा वेळी निदान हिशेब ठाऊक असावा.

समजा, चौतीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री महिना १२,००० रुपये मिळवीत होती, आणि तिच्यावर अवलंबून चार माणसे आहेत. वर्षाचे १,४४,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वतंत्र कामगाराच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवावयाचे. ते झाले २,०१,६००. आश्रित चार असल्यामुळे तिचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करावयाचा, उरले १,५१,२००. २००९ च्या निर्णयातील कोष्टकाप्रमाणे ३१ ते ३५ वयास गुणक १६. गुणाकार २४,१९,२०० रुपये. याखेरीज अंत्यसंस्कार आणि सहवासाची हानी यांबद्दलच्या ठराविक रकमा. मजुरीची पावती नसते, हे न्यायाधिकरणास ठाऊक असते; त्या भागातील चालू दर आणि किमान वेतन यांवरून उत्पन्न धरता येते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे कामही उत्पन्नाच्या हिशेबात धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. 'ती काही कमवत नव्हती', हे वाक्य कचेरीत कोणी उच्चारल्यास ते मान्य करू नये.

चूक कोणाची हे सिद्ध करण्याची खटपट नको असल्यास याच कायद्याचे १६४ वे कलम आहे. त्याप्रमाणे मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. वरच्या हिशेबाशी तुलना करता ते किती कमी आहेत हे दिसतेच. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये आहेत.

आता मुदत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि त्याचा निकाल काही का लागेना, त्यावर विसंबून घरी बसणे शहाणपणाचे नाही. सुतक, पेरणी, कापणी यांत सहा महिने कसे जातात ते शेतकरी कुटुंबास सांगावयास नको.

पहिल्या दिवशी करावयाचे ते असे. जखमी माणसास आधी इस्पितळ. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मे २०२५ पासून रस्त्यावरील मोटार अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या इस्पितळांत विनारोख मिळण्याची केंद्र सरकारची योजना आहे. तामिळनाडूत डिसेंबर २०२१ पासून पहिल्या ४८ तासांच्या मोफत उपचारांची राज्याची स्वतःची योजना आहे. मदत करणाऱ्या वाटसरूस पोलीस अडकवतील ही भीती कायद्यानेच दूर केली आहे. मग पोलीस ठाणे. प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते, ती घ्यावी. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास द्यावा, असा नियम आहे. तो गेला काय, याची विचारणा कुटुंबाने करीत राहावे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोहोंचे क्रमांक, चालकाचा परवाना, विम्याची प्रत, आणि ट्रॅक्टर हलविण्यापूर्वीचे छायाचित्र. एवढे हाती असले, तर पुढचे काम पुष्कळ हलके होते. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या तडजोडपत्रावर अंगठा देऊ नये. गावातील वजनदार माणसाने समोर धरले तरी देऊ नये.

फौजदारी खटला आणि भरपाईचा अर्ज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांस, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चालक त्या खटल्यात सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण न्यायाधिकरणापुढे पुराव्याची कसोटी सौम्य असते.

वकिलाची फी कोठून द्यावयाची, हा प्रश्न बहुतेक घरांत येतोच. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीस, अपंगास आणि ठरावीक उत्पन्नाखालील माणसास सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. विधवेने हे लक्षात ठेवावे. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. लोकअदालतीतही असे दावे निकालात निघतात. तेथे मात्र वर दिलेला हिशेब कागदावर लिहून बरोबर न्यावा.

अर्ज अपघाताच्याच जिल्ह्यात करावा लागतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही तो करता येतो. तंजावरच्या खाचरांत कापणीयंत्राबरोबर दुसऱ्या जिल्ह्यांतून मजूर येतात. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अपघात बेळगावजवळ झाला, तरी मृताची पत्नी आपल्या गावाकडील न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. तारखेसाठी तिला दर वेळी तिनशे मैल जावे लागत नाही.